काय गो, कपाट सोडतलंस काय खाडयेत?

या वेळचं पत्र मालवण तालुक्यातल्या एका लेकीचं आहे. लांब होतं, थोडं कापलंय.

"काका, मी पुण्यात आयटीत आहे, गाव कर्लीच्या खाडीला लागून. बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यापासून ओहोटी लागली की पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, खांद्यावर टाकून खाडीत. आधी तासन्‌तास कमरेएवढ्या पाण्यात उभे राहायचे, आता गुडघे ऐकत नाहीत. मी ठरवलंय की ह्या थंडीत चार महिने घरून काम करायचं आणि मांडवाखाली स्वतः एक छोटी होडी बांधायची, उथळ पाण्यात चालेल अशी. सुतारकाम जमतं, घरातला बेड आणि पुस्तकांचं कपाट मीच केलंय. नेटवर बघून तीन प्लॅन बाजूला काढलेत. एक अमेरिकन फ्लॅट्स स्किफ, साडेसतरा फूट, ४० एचपीपर्यंत मोटर, मागे तो उंच प्लॅटफॉर्म, दिसायला काय सुंदर आहे! दुसरा १२ फुटी जॉन बोटचा फुकटचा पीडीएफ, दोन पानांचा. तिसरा १५ फुटी पिरोग, अरुंद, वजनाला हलका. तिन्हीवर ड्राफ्ट, म्हणजे होडीचा तळ पाण्यात किती खोल जातो तो आकडा, 'चार ते सहा इंच' असाच लिहिलाय, मग निवडू कशावरून? बाबांना दाखवलं तर म्हणाले, 'प्लायची होडी? काय गो, कपाट सोडतलंस काय खाडयेत?' आई म्हणते सेकंडहँड फायबरची घ्या आणि विषय संपवा. तुम्हीच सांगा."

अगं, आधी बाबांचं घेऊ, कारण त्यांचं अर्धं बरोबर आहे. मी पहिली प्लायची होडी बांधली तेव्हा प्लॅन हातात यायच्या आधीच प्लाय आणून पडवीत रचून ठेवला होता, उत्साह दुसरं काय. दुकानदाराने छातीठोक सांगितलं, एकदम वॉटरप्रूफ, किचनला हाच जातो. पहिला सीझन मस्त गेला, दुसऱ्या सीझनला तळ हाताने दाबला तर आतून चर्र आवाज यायचा आणि गणपतीनंतर उलटी करून बघतो तर प्लायचे थर मिठाईच्या पुडीतल्या खाज्यासारखे सुटलेले. म्हणजे कपाटच सोडलं होतं मी खाडीत, तुझ्या बाबांनी आधी भेटून सांगायला हवं होतं. पण त्यात दोष प्लायच्या होडीचा नव्हता. जगात हजारो लोकांनी अंगणात, गॅरेजमध्ये अशा होड्या बांधल्यात. इंग्लंडात १९६२ साली मिरर नावाची पावणेअकरा-अकरा फुटी शिडाची डिंगी आली, प्लायचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यावर काच-कापड आणि रेझिन लावायचं. एका टीव्हीवरच्या घरकाम शिकवणाऱ्या माणसाची ती आयडिया, बोटवाल्या डिझायनरने ती बसवली, आणि सत्तर हजारांच्या वर झाल्या त्या. प्लॅनवर 'स्टिच अँड ग्लू' म्हणून लिहिलेलं असतं ते हेच, आता तारेऐवजी लोक केबल टाय वापरतात एवढंच. बेड करणाऱ्या हाताला हे जमतं, त्याची काळजी नको.

आता प्लॅन. तिन्हीवर सारखाच ड्राफ्ट लिहिलाय म्हणून तू गोंधळलीस, पण तो आकडा किती वजनाला आहे ते कुठे लिहिलंय का बघ. फुकटच्या पीडीएफवर नसणारच, आणि पहिल्यावर असला तर एक माणूस, अर्धी टाकी पेट्रोल असं काहीतरी असेल. आपण तुझ्या होडीचं करू या गणित, सोपं आहे. समज १४ फुटी, सपाट तळाची होडी आहे. पाण्याला टेकणारी लांबी ३.८ मीटर, रुंदी १.१ मीटर, आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती होते म्हणून पाऊण धर. ३.८ गुणिले १.१ गुणिले ०.७५, झाले ३.१ चौरस मीटर. म्हणजे होडी एक सेंटीमीटर खाली जायला खाऱ्या पाण्यात साधारण ३२ किलो लागतात. आता वजन मांड. हल म्हणजे नुसती होडी १०० किलो, ८-१० एचपीचं फोर स्ट्रोक मशीन ४० किलो, टाकी आणि पेट्रोल १५, तू आणि बाबा मिळून १३५, आणि पाग, नांगर, पाण्याचा कॅन, बर्फाचा डबा, कुर्ल्यांचे सापळे ह्याला ४० दे. ३३० झाले. भागिले ३२, आले दहा सेंटीमीटर, चार इंच. बघ, कसलीही जादू न करता साध्या सपाट होडीला चार इंच आले. हेच गणित तिन्ही प्लॅनचं कर, लांबी-रुंदी तर ड्रॉइंगवर आहेच, आणि मग कळेल की कोण खरं बोलतंय.

पण थांब, अजून खरी गंमत पुढे आहे. तुझं मशीन कुठे जाणार? छोट्या मशीनचा पंखा आणि त्याच्या खालचा पात मिळून तळाच्या खाली २०-२५ सेंटीमीटर जातो. म्हणजे होडीला चार इंच पाणी पुरेल पण मशीनला फूटभर तरी लागणारच. लोक चार इंच की सहा इंच ह्यावर वाद घालत बसतात आणि पंखा आधीच चिखल घुसळतोय. त्यामुळे ड्राफ्टच्या आकड्यावरून प्लॅन निवडणं सोडून दे. मशीन वर उचलून बांबूने किंवा वल्ह्याने होडी हलवता येते का हे बघ. जी होडी दोन माणसांना बांबूने सहज ढकलता येत नाही ती उथळ पाण्याची नाही, मग ब्रोशरमध्ये काहीही लिहू देत.

आणि ह्यासाठी तुला एक काम करायचंय जे अजून कुठल्याच प्लॅनवाल्याने सांगितलं नसेल. बाबांना विचार, त्यांना पाऊणपटीचा हिशोब माहीत असणार. तिथी गुणिले पाऊण, की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला पाणी तळाला. थोडं इकडेतिकडे होतं पण चालतं. तर पौर्णिमेला किंवा अमावस्येला, उधाणाच्या ओहोटीला, एक मोठी काठी घे, तिच्यावर दर दहा सेंटीमीटरला रंगाने खुणा कर, आणि बाबा जिथे जिथे पाग मारतात त्या सगळ्या जागी पाणी मोज. घरापासून तिथे जायच्या वाटेवरही मोज, कारण अडकायचं ते वाटेतच. मग अष्टमी-नवमीला, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, परत तीच फेरी. वहीत लिहून ठेव. चिखल आहे की वाळू की कालवं हेही लिही. कालवं असतील तर तळाला काच-कापडाचा जादा थर द्यावा लागणार, ती ब्लेडसारखी कापतात, ते तुझ्या बाबांच्या पायांना विचार.

ही वही घेऊन पहिल्या प्लॅनकडे ये. फ्लॅट्स स्किफ सुंदर आहे, मला मान्य, माझ्या मोबाईलमध्येही दोन फोटो आहेत. पण ती कुठल्या पाण्यासाठी आहे बघ. फ्लोरिडाच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल उथळ, काचेसारखं स्वच्छ पाणी, खाली गवत आणि पांढरी वाळू, भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हात-दीड हात. तिथे माणूस मागे मोटरच्या वरच्या उंच प्लॅटफॉर्मवर उभा राहतो, लांब काठीने होडी आवाज न करता ढकलतो, आणि वरून त्याला मासा दिसतो. दिसला की पुढचा माणूस गळ टाकतो. सगळा खेळ दिसण्याचा आहे. आपल्या कर्लीत काय दिसणार? दसऱ्यापर्यंत गढूळ, नंतर हिरवट, आणि तांबोशी बसलेली असते खारफुटीच्या मुळांच्या आड काळोखात. त्या प्लॅटफॉर्मवर चढून तुला फक्त शेजारच्या वाडीतल्या लोकांनी बघितलेलं दिसेल. वर ४० एचपीचं मशीन शंभर किलोच्या घरात, हल दोनशेच्या पुढे, आणि उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास वरखाली होतं, म्हणजे ओहोटीला तुझी होडी चिखलावर बसली तर सहा तास ती तिथेच. १०० किलोची रिकामी होडी दोघं मिळून वाळूवर ओढू शकता, हिला चार माणसं आणि शिव्या लागतील. आणि खाडीत ४० एचपीने जायचंय कुठे, देवबागच्या संगमावर, खाडी समुद्राला मिळते तिथे? तिथे ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून लाट आली की कशी उभी राहते ते बाबांना विचार. ही होडी संगमाच्या आतच राहणार हे आत्ताच ठरवून टाक, मोटर मोठी घेतली की मोह होतो.

दुसरा, फुकटचा जॉन बोट. फुकट म्हणून मी नाक मुरडत नाही, साध्या चौकोनी होड्यांचे काही फुकट प्लॅन खरंच चांगले असतात. पण दोन पानांत काय मावलं असेल? प्लायचे तुकडे कसे कापायचे ते असेल, बस. किती वजन पेलते, किती एचपीची मोटर, ट्रान्समची, म्हणजे मागे मोटर लावायच्या फळीची, उंची किती, सांध्याला कुठलं कापड किती थर, बुडाली तर तरंगायची सोय काय, ह्यातलं काही नाही ना? मग ते चित्र आहे, प्लॅन नाही. शिवाय जॉन बोटचं नाक बोथट असतं, तळ्यात, नदीत मस्त, पण दुपारी दोननंतर वारा सुटला आणि खाडीत छोट्या छोट्या लाटा उठल्या की ते नाक धप्‌ धप्‌ आपटतं आणि प्रत्येक आपटीला ओंजळभर पाणी अंगावर. १२ फुटात दोन माणसं आणि एक उभा राहून पाग मारणारा, मला नाही पटत.

तिसरा पिरोग. लुइझियानाच्या दलदलीतली होडी, मुळात एका झाडाच्या खोडाची कोरून केलेली, आपल्या डोणीची चुलत बहीण म्हण. एकट्याने बसून वल्हवायला आणि गरी टाकायला फार गोड. पण तुझे बाबा बसून पाग मारणार आहेत का? पाग मारताना माणूस कमरेतून वळतो, सगळं वजन एका पायावर येतं आणि हातातून शिशाच्या गोळ्यांचं जाळं भिरकावलं जातं. होडीचा टिकाव पाण्यावरच्या रुंदीच्या घनाने वाढतो, हे ऐकायला शाळेतलं वाटतं पण फार कामाचं आहे. ७५ सेंटीमीटर रुंदीच्या जागी १२० केली तर रुंदी दीडपटीच्या जरा वर, पण टिकाव चौपट. पिरोग ह्या ७५ च्या आसपास. त्यात उभं राहून पाग मारला तर पाग पाण्यात, बाबाही पाण्यात, आणि मग आई मला फोन करणार.

तर माझं मत विचारशील तर तीनपैकी एकही नको. १४ फुटाच्या आसपास, तळाची रुंदी मध्यावर ११५-१२० सेंटीमीटर, तळ सपाट पण पुढचा एक तृतीयांश भाग वर उचलत गेलेला आणि नाळ टोकदार, बाजू बाहेर थोड्या कललेल्या, म्हणजे लाट अंगावर येण्याऐवजी बाजूला जाते. ६ ते १० एचपी. पुढे एक छोटा सपाट डेक, बाबांना उभं राहायला, पण फार उंच नको, वीत-दीड वीत बास, उंच केला की टिकाव गेला. अशा स्किफचे प्लॅन खूप डिझायनरांकडे आहेत, पैसे देऊन घ्यायचे, आणि प्लॅनचे पैसे एकूण खर्चात किरकोळ असतात गं, प्लाय आणि इपॉक्सी रेझिनपुढे ते दिसणारही नाहीत. तिथे वाचवू नकोस. काही डिझायनर आधी कमी किमतीत किंवा फुकट 'स्टडी प्लॅन' देतात, त्यात बाहेरून सगळं दिसतं, ते आधी घे.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहितोय कारण सगळ्यांना तो मोह होतो. प्लॅन १४ फुटाचा घेतला आणि वाटलं जरा दोन फूट लांब करू, किंवा बाजू वीतभर उंच करू, बाबांना धरायला बरं. नको. लांबी थोडी वाढवायला, दहा टक्क्यांपर्यंत वगैरे, काही डिझायनर परवानगी देतात, ईमेल करून विचार आणि उत्तर आलं तरच कर. तळाची रुंदी आणि बाजूंचा कोन ह्याला हात लावायचा नाही, एक तुकडा बदलला की बाकीचे जुळत नाहीत. आणि ईमेल करच, प्लॅन घ्यायच्या आधी कर, तुझ्या वहीतली खोली, माणसांची वजनं, पाग मारायचाय हे सगळं लिहून. दोन ओळींचं का होईना सरळ उत्तर देणारा डिझायनर पुढे अडकलीस की उपयोगी पडतो, उत्तरच न देणाऱ्याचा प्लॅन कितीही छान असला तरी मी घेत नाही.

प्लॅन आला की प्लाय आणायला धावू नकोस, मी धावलो होतो ते वर सांगितलं. एक दशांश मापाचं मॉडेल कर, जाड पुठ्ठ्याचं. कॅलेंडरचा पुठ्ठा, मिठाईचा डबा, काहीही. तुकडे कापून सेलोटेपने जोड. एका रविवारचं काम आहे. प्लॅनमध्ये माप चुकलं असेल तर इथेच कळतं, आणि महागड्या प्लायवर व्हायची ती चूक फुकटच्या पुठ्ठ्यावर होते. हे मॉडेल बाबांच्या हातात दे आणि गप्प बस. ते ते उलटंसुलटं करून काहीतरी बोलतील, नाळ फार पसरट आहे, मागे पाणी धरील, असलं काही. लिहून घे. गावात होड्या बांधणारे जुने सुतार अजून असतील तर त्यांनाही दाखव, त्यांना ड्रॉइंग वाचता येत नसेल पण आकार हातात आला की ते बरोबर बोट ठेवतात.

मशीनचं आत्ताच ठरव. शाफ्ट म्हणजे मशीनचा खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा, शॉर्ट शाफ्टला ट्रान्सम १५ इंच लागतो, लाँग शाफ्टला २०. आधी होडी बांधली आणि नंतर स्वस्तात लाँग शाफ्ट मिळालं म्हणून घेतलं की पंखा अजून पाच इंच खाली गेला, आपली सगळी काठीची मेहनत पाण्यात. त्यामुळे जे मशीन मिळणार आहे त्याच्या शाफ्टवर टेप लाव, मग प्लॅनमधल्या ट्रान्समशी जुळव.

आता प्लाय. दुकानात गेल्यावर 'वॉटरप्रूफ' शब्द ऐकूच येऊ देऊ नकोस, शीटवरचा शिक्का वाच. आयएस ७१० हवा, मरीन प्लायचं स्टँडर्ड ते. आयएस ३०३ हे फर्निचरचं, त्यात बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं, असलं तरी ते होडीसाठी नाही. माझ्या त्या पडवीतल्या ढिगावर ३०३ होतं, मी वाचलंच नव्हतं. आणि शिक्क्यावरही पूर्ण विश्वास नको, एक तुकडा मागून आण, वीतभर बाय वीतभर, आणि जुन्या टोपात दिवसभर उकळ, चुलीवर असेल तर बरं, गॅस फुकट जाईल. मग उन्हात वाळव, परत उकळ. ७१० ची खरी परीक्षा ७२ तास उकळायची असते, तू दोन-तीन दिवस केलंस तरी समजेल. थर सुटले, कडेला सुरी घुसली, की दुकान बदल. त्या तुकड्याचं कडेने निरीक्षण कर, मधल्या थरात भोकं, पोकळ्या दिसल्या तरी नको, तिथेच पाणी साचतं. वजनाचाही अंदाज राहू दे, आठ बाय चारची ६ एमएमची शीट साधारण १२-१३ किलो, ९ ची १९, १२ ची २५. 'मजबूत होईल' म्हणून प्लॅनमध्ये ६ असताना १२ लावणारे मी बघितलेत, मग ते विचारतात होडी खाली का बसते. वरचं गणित करून बघ म्हणावं.

इपॉक्सीबद्दल दोन गोष्टी, ह्यात मी वीस वर्षं घालवलीत. फायबरवाल्यांच्या वर्कशॉपमध्ये जे मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन, ते फायबरच्या होडीला ठीक पण लाकडाला नीट चिकटत नाही, वर्षा-दोन वर्षांत सालासारखं उचलतं. प्लॅनमध्ये इपॉक्सी लिहिलंय तर इपॉक्सीच. आणि त्याच वर्कशॉपमधली ती तुकड्या-तुकड्यांची मॅट इपॉक्सीसोबत आणू नकोस, तिला एकत्र धरणारा जो चिकट पदार्थ असतो तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, मग मॅट ताठच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. विणलेलं काच-कापड किंवा शिवलेलं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांना धागे असलेलं, आण. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त ओतायचा नाही, ते पॉलिएस्टरचं चालतं, इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं असतं, जास्त घातलं तर ते कधीच नीट कडक होत नाही. वजनकाटा घे, किचनचा चालेल, पण मग तो किचनमध्ये परत नेऊ नकोस.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ तू बरोबर निवडलास. तापमान दहा डिग्री वाढलं की इपॉक्सी निम्म्या वेळात जमतं, मे महिन्यात डबा हातात गरम होऊन धूर येतो, आणि पावसाळ्यात दमटपणाने वर मेणासारखा थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. थंडीतही लाकडावर पहिला हात संध्याकाळी लाव, सकाळी नको. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि रेझिनमध्ये बुडबुडे येतात. संध्याकाळी उलट, लाकूड थंड होताना रेझिन आत ओढून घेतं. आणि शेवटी पेंट, दिलाच पाहिजे, उन्हात नुसतं इपॉक्सी टिकत नाही. हातमोजे घाल, घामाच्या हाताला लागलं तर खाज सुटते आणि एकदा अॅलर्जी धरली की आयुष्यभर.

तरंगण्याची सोय प्लॅनमध्ये असायलाच हवी. प्लाय स्वतः तरंगतो, पण होडीत पाणी भरलं आणि ४० किलोचं मशीन मागे लटकलेलं असलं की होडी मागून बुडून उभी राहते. बाकाखाली बंद कप्पे असतात, त्यात थर्माकोल भरायचा सल्ला मिळेल, पण थर्माकोलला पेट्रोल लागलं की तो आईस्क्रीमसारखा विरघळतो. मी बाकाखाली तेलाचे २० लिटरचे रिकामे कॅन घट्ट झाकण लावून, पट्ट्याने बांधून ठेवतो. एका कॅनला जवळजवळ २० किलो उचल. मागे चार, पुढे दोन. दरवर्षी बाहेर काढून आतून होडी धुता येते हा वरचा फायदा. आणि लाइफ जॅकेट, बाबा नाही म्हणतील, तरी.

काम झालं की होडी पाण्यात बांधून ठेवायची नाही, खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड असते, कापडाला एक ओरखडा मिळाला की ती आत. वर ओढून उलटी ठेव. म्हणूनच १०० किलोचा हट्ट. तळाला दोन लाकडी पट्ट्या लाव आणि मध्ये कापडाचा एक जादा थर, कालवांसाठी.

आईचं म्हणणं राहिलं. खरं सांगायचं तर नुसते मासेच हवे असतील तर आई बरोबर आहे. चांगली वापरलेली फायबरची होडी शोधून काढलीस तर तुझे चार महिने वाचतील, आणि बहुतेक पैसेही. तुला बांधायचीच आहे हे मला पत्रातून कळलंय, तू कुठेही 'स्वस्त' शब्द लिहिलेला नाहीस, तर ते आईला तसंच सांग, मासे स्वस्त पडतील वगैरे थापा मारू नकोस, आया पकडतात. आणि बांधायला घेण्याआधी एकदा मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय खात्यात जाऊन ये. मशीन लावलं की नोंदणी आली, त्यांना बांधणीचे कुठले कागद, कुठले फोटो लागतात ते आधी विचारलेलं बरं, बांधून झाल्यावर तळाचे फोटो कुठून आणणार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते हे बाबांना माहीतच असणार, खाडीत तुमच्या होडीला काय लागू आहे तेही त्याच फेरीत विचार.

आता येत्या पौर्णिमेला काठी घेऊन जा. बाबांना बरोबर ने, पण पाण्यात तू उतर, त्यांना काठावर वही धरून बसव. आकडे आले की मला पाठव, सोबत बाबांचं वजन आणि मशीनचा शाफ्ट, मग एखादा प्लॅन समोर ठेवून बोलू. आणि तो प्लॅटफॉर्मवाला स्किफ आहे ना, त्याचा फोटो ठेव वॉलपेपरला, मी पण ठेवलाय.